मुळं जगली की आमरी जगते

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलात किंवा एखाद्या गावाच्या शिवारात गेलात, तर जुन्या मोहाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीवर नीट बघा. जाडसर, पन्हळीसारख्या पानांचा एक झुबका बसलेला दिसेल आणि पांढरट दोऱ्यांसारखी मुळं फांदीला मिठी मारून असतील. ही ऑर्किड, म्हणजे आपली आमरी. तिचं शास्त्रीय नाव वांदा टेसेलाटा. उन्हाळ्यात नि पावसाच्या सुरुवातीला तिला चौकटीच्या कापडासारखी तपकिरी फुलं येतात, मधली पाकळी निळसर-जांभळी असते. वासही गोड, बरं का!

पण बिचारीची ओळख चुकीची झाली आहे. लोक तिला बांडगूळ समजतात. गंमत म्हणजे ‘वांदा’ हे नावसुद्धा झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठीच्या जुन्या संस्कृत शब्दावरून आलं आहे. खरं बांडगूळ झाडाच्या आत मुळं खुपसून त्याचा रस पितं. आमरी तसं काही करत नाही. ती फांदीवर फक्त बसते. पाणी घेते पावसाचं नि दवाचं, आणि अन्न स्वतः तयार करते.

अशीच एक आमरी माझ्याकडे आली ती ब्रह्मपुरीकडून. नातेवाइकांच्या वाडीतला जुना आंबा वादळात पडला. फांदीवरची आमरी कुणीतरी हौसेनं उचलली, कुंडीत काळी माती ठासून लावली आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. महिन्याभरात पानं सुरकुतली, म्हणून आणखी पाणी! माझ्या हातात आली तेव्हा चारच पानं उरली होती. शेजारच्या आजी म्हणाल्या, “हे काहून ठेवलं बाबू? मेलं ते, फेकून दे.”

तुम्ही म्हणाल, एवढं पाणी मिळून झाड सुकलं कसं? सांगतो. आमरीच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस आला की ते भराभर पाणी शोषतं, मग वाऱ्यानं पुन्हा कोरडं होतं. कोरडं असताना पांढुरकं दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग दिसू लागतो. त्या मुळांना वारा लागतो. चिखलात त्यांना हवाच मिळत नाही, ती कुजतात. मूळ कुजलं की भोवती पाणी असूनही झाड तहानलेलंच!

मग मी काय केलं? माती धुऊन काढली. एकेक मूळ चिमटीत धरून पाहिलं. टणक लागलं ते ठेवलं. मऊ, तपकिरी, साल सुटून आतला धागा उरलेलं, ते सगळं जाळावर तापवून गार केलेल्या ब्लेडनं कापलं. (हे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.) कुजलेलं मूळ पुन्हा जिवंत होत नाही. नवीन मूळ खोडातूनच फुटावं लागतं, म्हणून खोड जपायचं. पंधरा-सोळा मुळांतली फक्त दोन उरली!

जखमा सुकाव्यात म्हणून रोप एक दिवस सावलीत तसंच ठेवलं. नंतर पडलेल्या आंब्याच्याच सालीच्या तुकड्यावर थोडा काथ्या ठेवून सुतळीनं बांधलं आणि कडुनिंबाखाली, विरळ सावलीत टांगलं. माती नाही, खत तर मुळीच नाही. मुळंच नाहीत तर खत पिणार कोण? रोज सकाळी पाण्याचा शिडकावा. आमच्याकडच्या वैशाखात संध्याकाळीही एकदा, आणि हवेत ओल राहावी म्हणून खाली ओलं पोतं.

दोन महिने काहीच घडलं नाही. एक पान पिवळं होऊन गळलं. उरली तीन. आजी रोज बघून मान हलवायच्या. मृग लागला, पाऊस सुरू झाला आणि एका सकाळी पानाच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं टोक दिसलं. नवं मूळ! मी आजींना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “जगते वाटते हे!” फूल यायला पुढे तीन वर्षं गेली, पण आमरी वाचली ती त्या सकाळीच.

एक मात्र लक्षात ठेवा. हे वाचून जंगलातली आमरी ओरबाडून आणू नका. राष्ट्रीय उद्यानात नि अभयारण्यात तर कायद्यानंच मनाई आहे. तिच्या एका बोंडात धुळीसारखं हजारो बी असतं, पण त्यात अन्नाचा साठा नसतो. योग्य सालीवर योग्य बुरशीची सोबत मिळाली, तरच एखादं रुजतं. म्हणून फांदीवरची प्रत्येक आमरी मोलाची. तुमच्याच अंगणातलं झाड पडलं तर तिला जरूर वाचवा. आणि आईबाबांना सांगा, बांधावरचा जुना मोह, जुना आंबा शक्यतो तोडू नका. एका झाडावर किती घरं असतात, ते खालून पटकन दिसत नाही.