दोषाचा धनी

अमेरिकन लोक ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचे काम फारच थोडे. चेंडू हातात घेऊन पळायचे, हाताने फेकायचा, हातांनी झेलायचा आणि प्रतिपक्षाच्या माणसाला सबंध अंगाने धडक देऊन खाली लोळवायचे, असा त्या खेळाचा सारा थाट. खेळाच्या नावाला जागणारा असा संघात एखादाच गडी असतो. तो म्हणजे किकर. साऱ्या सामन्यात त्याला पाच-सात वेळा मैदानात बोलावतात. एरवी तो कडेच्या रेषेपाशी, अंगावरचा पोशाख जराही न मळलेला, असा उभा असतो. धडकाधडकीत ज्यांची हाडे खिळखिळी होतात, ते त्याला पुरता खेळाडू मानतातच असे नाही. आणि तरीही, सामना थोडक्यात हरला की पराभवाचे खापर बहुधा त्याच्याच माथ्यावर फुटते. ज्याचा खेळातला वाटा सर्वांत लहान, त्याचा दोषातला वाटा सर्वांत मोठा, हे गणित मला पुष्कळ दिवस बुचकळ्यात टाकीत आले आहे.

किकरचे काम ऐकायला सोपे आहे. मैदानाच्या टोकाला दोन उंच खांब असतात. त्यांच्यामध्ये १८ फूट ६ इंचांचे अंतर असते आणि जमिनीपासून १० फुटांवर एक आडवा दांडा. चेंडू दांड्याच्या वरून आणि खांबांच्या मधून गेला की ३ गुण. मात्र चेंडू किकरच्या पायाशी आपोआप येत नाही. एक गडी ओणवा होऊन आपल्या दोन पायांमधून तो सात-आठ यार्ड मागे फेकतो. दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो, जमिनीवर उभा टेकवतो, बोटाने सावरतो, त्याची शिवण किकरच्या पायाखाली येणार नाही इतपत फिरवतो. आणि तेवढ्यात किकरचा पाय चेंडूवर आलेला असतो. हे सगळे सव्वा-दीड सेकंदात उरकावे लागते, कारण समोरून धिप्पाड गडी हात उंचावून धावून येत असतात. त्यातून प्रतिपक्षाचा प्रशिक्षक पुष्कळदा अगदी त्याच क्षणी खेळ थांबवण्याची मागणी करतो. खेळाडूंना दम खाऊ द्यावा हा त्यामागचा हेतू नसतो. किकरला विचार करायला आणखी एक मिनिट मिळावे, एवढाच असतो! भीती वाढवायला विचाराइतके दुसरे साधन नाही, हे त्या मंडळींनी अचूक हेरले आहे.

पूर्वी किकर सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने चेंडू मारीत. हंगेरीतला १९५६ सालचा उठाव चिरडला गेल्यावर जी कुटुंबे देश सोडून अमेरिकेत आली, त्यांपैकी एका कुटुंबातला पीट गोगोलाक हा मुलगा पुढे कॉर्नेल विद्यापीठात शिकू लागला. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने युरोपातल्या फुटबॉलच्या रीतीने, तिरके धावत येऊन, पावलाच्या वरच्या भागाने चेंडू मारून दाखवला. तेव्हा लोकांना ते विचित्र वाटले. आज बहुतेक सारे किकर तसेच मारतात. पण त्या प्रारंभाची छाया या कामावर अजून राहिली असावी असे मला वाटते. किकर हा जणू बाहेरून आलेला पाहुणा. तो यशस्वी झाला की संघ जिंकतो; तो चुकला की मात्र तो एकटाच चुकतो.

१९९१ सालच्या १६ नोव्हेंबरची गोष्ट घ्या. फ्लोरिडा स्टेट आणि मायामी ही दोन विद्यापीठे तेव्हा देशात पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर होती. सामना टॅलाहासी येथे. अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता आणि मायामीकडे १७ विरुद्ध १६ अशी एका गुणाची आघाडी होती. फ्लोरिडा स्टेटच्या गेरी थॉमसने ३४ यार्डांवरून चेंडू मारला आणि तो उजव्या खांबाच्या किंचित बाहेरून गेला. ‘वाइड राइट’ म्हणजे ‘उजवीकडे बाहेर’ हे दोन शब्द त्या दिवसापासून फ्लोरिडात एखाद्या जुन्या जखमेच्या नावासारखे उच्चारले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी त्याच दोन संघांत, दुसऱ्या किकरच्या पायाने, तसेच घडले, त्यामुळे तर ते शब्द कायमचे झाले.

आता या प्रसंगाचे टिपण जरा सावकाश वाचावे. १९५९ पासून विद्यापीठांच्या मैदानांवर त्या खांबांमधले अंतर २३ फूट ४ इंच होते. नियम करणाऱ्यांनी ते १९९१ च्याच हंगामात ४ फूट १० इंचांनी कमी केले होते. जुन्या अंतरात ती किक सहज बसली असती, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. शिवाय त्याच सामन्यात, त्याआधी, थॉमसने आपल्या पायाने तीन वेळा तीन-तीन गुण मिळवून दिले होते. ते नऊ गुण नसते तर अखेरच्या किकवर काही अवलंबून राहण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. परंतु आधीचे नऊ गुण संघाच्या खात्यावर जमा झाले आणि न मिळालेले तीन तेवढे थॉमसच्या नावे खर्ची पडले. असली हिशेबवही एखाद्या दुकानदाराने ठेवली असती तर तपासनिसाने ती तत्काळ जप्त केली असती!

आपल्यासारख्या सरकारी कागदांत आयुष्य घालवलेल्यांना हा हिशेब अपरिचित नाही. एखादे प्रकरण दहा टेबलांवरून फिरत येते. प्रत्येक ठिकाणी दोन दिवस मुक्काम करते, कोठे एक कागद गळतो, कोठे एक शेरा संदिग्ध पडतो, आणि शेवटी मुदत टळते. मग चौकशी होते तेव्हा बोट पडते ते शेवटच्या सहीवर. ती सही स्पष्ट असते, तिच्याखाली तारीख असते, ती वाचायला सोपी असते. आधीच्या नऊ जणांचा वाटा शोधायचा तर सबंध नस्ती उलगडावी लागते. दोष बहुधा जिथे मोठा असतो तिथे ठरत नाही. जिथे सहज दिसतो तिथे ठरतो. किकरची चूक दिसते. ती एकट्याची दिसते आणि ती शेवटची असते. याहून अधिक पुरावा जमावाला लागत नाही.

क्रिकेटच्या वेडाने झपाटलेल्या आपल्या देशानेही हे केलेले आहे. १९८६ साली शारजा येथे शेवटच्या चेंडूवर मियाँदादने षटकार मारला, आणि चेतन शर्माचे नाव त्या एका चेंडूला खिळून राहिले. त्याच सामन्यात त्याने तीन गडी बाद केले होते हे किती जणांना सांगता येईल? पुढच्याच वर्षी नागपूरला त्याने विश्वचषकाच्या इतिहासातले पहिले त्रिक साधले. तरी शारजाचा तो चेंडू काही पुसला गेला नाही. मात्र शर्मा हा देशाच्या संघाचा खेळाडू होता. अमेरिकेतल्या त्या मैदानांवर उभा असतो तो अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी. सोमवारी त्याला वर्गात जाऊन बसायचे असते, आणि शेजारच्या बाकावर तेच लोक असतात जे शनिवारी प्रेक्षागारात बसून ओरडत होते.

हा जाच किती टोकाला जातो हे २०१३ सालच्या ३० नोव्हेंबरला दिसले. अलाबामा आणि ऑबर्न या एकाच राज्यातल्या दोन विद्यापीठांचे वैर म्हणजे भाऊबंदकीच. अलाबामा तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होते. त्यांच्या केड फॉस्टरचे तीन प्रयत्न वाया गेले. दोन बाहेर गेले आणि एक प्रतिपक्षाने अडवला. शेवटी २८-२८ अशी बरोबरी आणि घड्याळात एक सेकंद शिल्लक असताना प्रशिक्षकाने दुसऱ्या, अधिक तरुण किकरला ५७ यार्डांवरून मारायला लावले. चेंडू तोकडा पडला. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो आपल्या टोकाला झेलला, सबंध मैदान धावून पार केले, आणि सामना ३४-२८ असा संपला.

या पराभवाचे वाटेकरी कितीतरी होते. अखेरच्या सत्रात एक यार्ड मिळवायचा असताना संघाला तो मिळवता आला नव्हता. शेवटचे अर्धे मिनिट उरले असताना बचाव करणाऱ्यांनी बरोबरीचे गुण जाऊ दिले होते. शेवटचा दूरचा प्रयत्न करण्याचा निर्णय प्रशिक्षकाचा होता, आणि त्या प्रशिक्षकाचे वेतन वर्षाला पन्नास लाख डॉलरांच्या वर होते. त्या काळच्या नियमांनुसार विद्यार्थी-खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही घेता येत नसे, आणि कित्येक किकर तर शिष्यवृत्तीशिवायच संघात येतात. तरी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या त्या फॉस्टरला.

त्या दिवसांत त्याला एक वेगळे पत्रही आले. अमेरिकेचे त्रेचाळिसावे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून पाठवल्या. फॉस्टरच्या सदऱ्यावरचा क्रमांकही त्रेचाळीस होता, तो धागा पकडून लिहिलेल्या. आयुष्यात अपयश येते, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि यातून तू अधिक खंबीर होशील, असा त्यांचा आशय. बुश यांच्या कारकिर्दीविषयी कोणाचे काहीही मत असो. ज्याने स्वतः जगाचे बोल खाल्ले आहेत असा एक वृद्ध माणूस एका मुलाला बोलावून शेजारी बसवतो आहे, असे मला ते पत्र वाटते.

पुढे परिस्थिती सुधारली म्हणावे, तर तसेही नाही. २०१५ साली मिशिगन विद्यापीठाच्या ब्लेक ओनील या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या हातून अखेरच्या क्षणी चेंडू सुटला आणि सामना गेला. त्याच्यावर इतकी घाण उडवली गेली की विद्यापीठाच्या क्रीडाविभागाच्या प्रमुखांना आपल्याच चाहत्यांना उघड पत्र लिहून खडसवावे लागले. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. तेव्हापासून एका किकवर विद्यापीठाचा मानच नव्हे, तर दूरवरच्या एखाद्या अनोळखी माणसाचे पैसेही लागलेले असतात. पैसे हरलेल्या माणसाइतका नीतीचा कडवा रक्षक दुसरा नसतो!

येथे एखादा वाचक विचारील की, मग कोणी काही चुकलेच नाही असे समजायचे काय? कामाचा भार घेतला की जबाबदारीही आली. हे अगदी खरे आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर एका किकरनेच दिले आहे. १९९३ सालच्या डिसेंबरात भूसेना आणि नौसेना या दोन सैनिकी विद्यापीठांचा वार्षिक सामना होता. १६ विरुद्ध शून्य असे मागे पडलेले नौसेनेचे विद्यार्थी झुंजत १४ वर आले. सहा सेकंद उरले असताना पहिल्या वर्षाच्या रायन बुकियानेरीला १८ यार्डांवरून किक मारायची होती. अगदी जवळून. ती हुकली. पाऊस होता, जमीन ओली होती, चेंडू निसरडा होता. अंगण वाकडे म्हणायला सारी सोय होती. त्याने यातली एकही सबब सांगितली नाही. चूक आपली, एवढेच तो म्हणाला. त्या प्रबोधिनीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वरिष्ठांनी जाब विचारला तर सबब नाही असेच उत्तर द्यायला शिकवतात. ते पाठ केलेले उत्तर त्याने सबंध देशासमोर खरे करून दाखवले.

त्या मुलाचे वागणे मला जितके थोर वाटते, तितकेच त्यावरून आपण काढतो तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. त्याने दोष स्वतःकडे घेतला म्हणून तो सारा त्याचाच झाला असे नव्हे. जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची असते. इतरांनी ती त्याच्या पाठीवर लादायची नसते. घेतलेली जबाबदारी माणसाला ताठ उभे करते आणि लादलेली त्याला वाकवते. आपण जेव्हा एकाच नावावर सगळा दोष टाकतो, तेव्हा न्याय करीत नसतो. उरलेल्या सगळ्यांची, आणि बहुधा स्वतःचीही, सुटका करून घेत असतो.

व्यावसायिक खेळाच्या जगातला एक प्रसंग या संदर्भात मला नेहमी आठवतो. १९९१ च्या जानेवारीत बफेलो शहराच्या संघाच्या स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरची अखेरची किक उजवीकडे बाहेर गेली आणि राष्ट्रीय अजिंक्यपद एका गुणाने हुकले. दुसऱ्या दिवशी संघ घरी परतला तेव्हा चौकात प्रचंड गर्दी जमली होती. ती गर्दी नॉरवुडच्या नावाचा घोष करू लागली. तो पुढे यावा, म्हणून ओरडू लागली. तो आला, आणि त्याला बोलणे कठीण झाले. हरलेल्या शहराने हरलेल्या माणसाला आपल्यात घेतले.

स्टॅनफर्डच्या जॉर्डन विल्यमसनने २०१२ च्या जानेवारीत तीन किक हुकवून मोठा सामना घालवला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात देशात पहिल्या असलेल्या ऑरेगनला जादा वेळात ३७ यार्डांवरून हरवले. अशा कथा आपल्याला आवडतात, कारण त्यांत सगळे फिटते. पण सर्वांनाच असा नोव्हेंबर लाभत नाही. ज्यांना तो लाभला नाही, त्यांनाही सोमवारी सकाळी वर्गात जाऊन बसायचे होतेच. शेजारच्या बाकावरच्याने तेव्हा काय केले, यावर पुष्कळसे अवलंबून राहिले असेल.