भाडं धरून किती?

फोनवर पहिला प्रश्न प्रोसेसरचा येतो, दुसरा रॅमचा, आणि गिऱ्हाईक खरंच घेणारं असेल तर तिसरा येतो : ‘भाडं धरून किती?’ तो आला की मी पेन उचलतो.

जुने कॉम्प्युटर ऑनलाइन विकणाऱ्याने पुण्याच्या मार्केट यार्डात कशाला बसायचं, असं बरेच जण विचारतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, तिथे गिऱ्हाईक चालत येतं. माझ्याकडे गिऱ्हाईक येत नाही, माल जातो. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून मशिनं काढतात. ती लॉटने येतात, तपासून-पुसून एकेक करून बाहेरगावी जातात. त्यासाठी ट्रान्सपोर्टची ऑफिसं हाताशी लागतात, ती इथे आहेत. शिवाय आडत्यांच्या गाळ्यांवरचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला मी आधीपासून इथे येतच होतो. त्या कॉम्प्युटरांवर दिवसभर एकच काम चालतं, पट्टी काढायचं.

भाड्याचं गणित मी त्या पट्ट्यांवर शिकलो. वर विक्रीची रक्कम, खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा, उरेल ते शेतकऱ्याचं. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत 512 किलो कांदा आणला. भाव लागला किलोला एक रुपया. सगळं वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. ती पट्टी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली. लोक भावाबद्दल हळहळले, आणि बरोबरच होतं ते. माझी नजर मात्र वजाबाकीवर होती. कांदा रुपयाने जावो की तीस रुपयांनी, गाडीवाल्याला आणि हमालाला त्यांचे पैसे द्यावेच लागतात. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. आडत इकडची तिकडे गेली. मोटारभाडं होतं तिथेच राहिलं.

‘फ्री डिलिव्हरी’ ही पट्टीच आहे, फक्त भाड्याची ओळ खोडलेली. नवा सत्तर हजारांचा लॅपटॉप असेल तर पाचशे रुपयांचं भाडं त्यात मुरून जातं. सात हजारांच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये हजार रुपये कुठे मुरवणार? मशिन जुनं होत जातं तशी किंमत उतरते, वजन उतरत नाही. सगळ्यांना एकच ‘भाड्यासकट’ किंमत लावली तर चाकणच्या गिऱ्हाइकाने गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाचं भाडं भरायचं, असा त्याचा अर्थ. म्हणून मी दोन आकडे सांगतो : मशिनचा एक, आणि पिनकोड विचारून भाड्याचा दुसरा. पॅकिंगचे पैसे मात्र मशिनच्या किमतीत धरतो. माल धड पोचवणं हे माझं काम आहे. गिऱ्हाईक लांब राहतं हा काही माझा नफा नव्हे. काही जण मशिन स्वस्त दाखवून भाड्यात कमावतात. पाच मिनिटं गोड वाटतं ते, पण तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात भाडं विचारून मोकळं झालेलं असतं.

भाडं वजनावर असतं, हे मात्र अर्धंच खरं. कुरिअरवाला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजतो, गुणतो आणि पाच हजारांनी भागतो. (रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही कंपन्या वेगळा भाजक लावतात, दर ठरवतानाच तो विचारून घ्यावा.) काट्यावरचं वजन आणि हे हिशोबाचं वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे. आठ किलोंचा टॉवर 60 बाय 40 बाय 45 च्या खोक्यात घातला तर भागाकार 21.6 येतो, म्हणजे बावीस किलोंचं बिल. तेच मशिन 48 बाय 28 बाय 40 मध्ये बसवलं की 10.75, म्हणजे अकरा किलो. मशिन तेच, अर्धं भाडं हवेचं होतं.

त्यामुळे माझ्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा कटर जास्त चालतो. मोठं खोकं घ्यायचं, चारही उभ्या कडांवर हव्या त्या उंचीला खूण करायची, वरून खुणेपर्यंत कडा चिरायच्या, स्टीलची पट्टी दाबून धरून आडवी घडी पाडायची. नव्या पाकळ्या तयार होतात, जास्तीचा पुठ्ठा कापून आतल्या बाजूने कोपऱ्यांना लावायचा. चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जागा सोडावी. त्याहून कमी सोडून भाडं वाचवणं म्हणजे कोपरा फुटायची वाट पाहणं. त्या जागेत मी फळबाजारातून आलेले सफरचंदाच्या पेटीतले खळग्यांचे ट्रे घालतो. लगद्याचे असतात, दणका स्वतः खातात आणि वजनाला जवळजवळ काही नाहीत. पेंढा फुकट मिळतो, पण तो कॉम्प्युटरला नको. त्याचा भुसा पंख्यात जातो आणि पावसाळ्यात त्याला ओल धरते. ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळायचं. ते आत लटकतं ठेवलं तर खड्ड्यांनी खाच मोडते, आणि बाहेरून खोक्यावर ओरखडाही दिसत नाही.

दुसरी गोष्ट हमालांकडे बघून कळली. क्विंटलभराच्या पोत्याऐवजी पन्नास किलोंचं पोतं असावं, यासाठी बाबा आढाव आणि हमाल पंचायत वर्षानुवर्षं भांडले. हमालांच्या पाठीसाठीचं भांडण होतं ते. पण पाठीला झेपणारं ओझं मालालाही झेपतं. फार हलकं खोकं माणूस भिरकावतो, फार जड खोकं ओढत नेतो आणि शेवटी आपटतो. आठ ते पंधरा किलोंचं खोकं दोन्ही हातांत धरून पोटाशी घेऊन नेतात. दोन छोटी मशिनं एका खोक्यात घालायची की वेगळी, हे मी भाड्याच्या तक्त्याआधी या हिशोबाने ठरवतो.

लॅपटॉपला ही कटकट कमी, पण त्यात लिथियमची बॅटरी असते. विमानाने पाठवायचा तर त्या बॅटरीचे वेगळे नियम, वेगळं लेबल. मी सरळ रस्त्याने पाठवतो आणि ‘दोन दिवस जास्त लागतील’ हे पैसे घ्यायच्या आधी सांगतो. मॉनिटर एकटा पाठवायचा नाही, हा माझा हट्ट आहे. जुन्या मॉनिटरची किंमत आणि तो पुठ्ठ्या-थर्माकोलात नीट बसवून पाठवायचं भाडं जवळपास सारखंच होतं. गिऱ्हाइकाला सांगतो, तुमच्या गावात बघा. धंदा जातो, जाऊ दे.

सगळ्यात महाग भाडं परत येणाऱ्या मालाचं. कॅश ऑन डिलिव्हरीवर पाठवलं, गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही किंवा फोन उचलला नाही, की खोकं फिरून यार्डात हजर. जातानाचं भाडं गेलं, येतानाचं बसलं, आणि मशिनने विनाकारण दोनदा खड्डे खाल्ले. म्हणून भाड्याचे पैसे मी आधीच घेतो, मशिनचे हवे तर दारात द्या. भाडं भरलेला माणूस दार उघडतो. बिघाड माझ्या मशिनचा निघाला तर दोन्ही भाडी माझी. यावर मी घासाघीस करत नाही.

बिलात भाडं वेगळं दाखवलं म्हणजे त्यावरचा कर वाचतो, असा समज यार्डात आहे. वाचत नाही. मालाबरोबर घेतलेलं भाडं मालाच्याच किमतीत धरलं जातं आणि कॉम्प्युटरचाच 18 टक्के जीएसटी त्यालाही लागतो. परराज्यात पन्नास हजारांच्या वरचा माल निघाला की ई-वे बिल हवं, राज्यातल्या राज्यात ही मर्यादा एक लाखाची. सहा लॅपटॉपांचा लॉट पन्नास हजारांची रेघ सहज ओलांडतो.

गावाकडच्या शाळा दहा-दहा डेस्कटॉप एकदम घेतात, तेव्हा कुरिअर परवडत नाही. मग ट्रान्सपोर्ट, बिल्टीवर ‘टू पे’, म्हणजे भाडं तिकडे माल सोडवताना द्यायचं. ‘टू पे’ म्हटलं की लोकांना वाटतं, माल शाळेच्या दारात येणार. तो येतो तालुक्याच्या गोडाऊनपर्यंत. पुढची हमाली आणि पुढचा टेम्पो कुणाचा, हे कोटेशनवर मी जाड अक्षरांत लिहितो. एका मुख्याध्यापकांनी ते वाचून फोन केला, ‘टेम्पोचं सोडा हो, सरपंचांचा ट्रॅक्टर आहे.’ ट्रॅक्टर येणार म्हटल्यावर मी हार्ड डिस्का काढून वेगळ्या खोक्यात भरल्या, आणि ट्रॉलीत आधी कडबा अंथरून त्यावर खोकी उभी ठेवायला सांगितली.