अर्धी चौकट

ज्याच्या वांट्यास थोडें येतें त्यास अधिक नेटकेपणानें वागावें लागतें, ही गोष्ट आपण घरोघरीं पाहतों. यंत्रांच्या जगांतहि हाच नियम चालतो, हें मला एका जुन्या व क्वचित् आढळणाऱ्या भिंगानें शिकविलें. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

नेहमींच्या 35 मिलिमीटर फिल्मवर एका चित्रास 24 बाय 36 मिलिमीटर जागा मिळते. जपानांतील ऑलिंपस कंपनीचे तरुण अभियंते योशिहिसा मैतानी यांनीं 1959 सालीं ‘पेन’ नांवाचा जो लहान कॅमेरा सिद्ध केला, त्यांत ही जागा निम्मी, म्हणजे 18 बाय 24 मिलिमीटर होती. त्यामुळें 36 चित्रांच्या फिल्मवर 72 चित्रें निघूं लागलीं. लेखणीप्रमाणें सहज जवळ बाळगतां यावा, म्हणून त्याचें नांव ‘पेन’. पुढें 1963 सालीं ‘पेन एफ’ निघाला. त्याचीं भिंगें बदलतां येत, आणि ज्या भिंगांतून चित्र घ्यावयाचें त्याच भिंगांतून दृश्य डोळ्यांस दिसे.

परंतु ही काटकसर फुकटची नव्हे. 18 बाय 24 सेंटिमीटरचें चित्र छापावयाचें, तर अर्ध्या चौकटीची निगेटिव्ह दहापट वाढवावी लागते. मोठ्या चौकटीस साडेसातपट पुरते. चित्राबरोबर त्यांतील अस्पष्टताहि वाढते. म्हणून अर्ध्या चौकटीचें भिंग मोठीच्या भिंगाहून अधिक रेखीव असावें लागतें. ज्यास जागा कमी, त्याचे दोष जगास मोठे दिसतात!

माझे थोरले मामा व्यापारी जहाजावर इंजिन खात्यांत नोकरीस होते. योकोहामा बंदरांत त्यांनीं घेतलेला पेन एफ त्यांच्या पश्चात् माझ्याकडे आला. त्यावर 38 मिलिमीटर, 2.8 मापाचें भिंग होतें. त्याच्या कडेवर ‘ई झुइको’ अशीं अक्षरें आहेत. झुइको हें ऑलिंपसच्या भिंगांचें 1936 पासूनचें नांव. त्यामागील अक्षरावरून आंत किती कांचा आहेत तें कळे. ‘ई’ हें इंग्रजी वर्णमालेंतील पांचवें अक्षर, म्हणून येथें कांचा पांच. याच लांबीचें जें दुसरें भिंग नेहमीं आढळतें, तें सहा कांचांचें व 1.8 मापाचें, तें सुमारें अडीचपट उजेड आंत घेतें. आमचें भिंग उजेडाच्या बाबतींत गरीबच. मात्र तें इतकें चपटें आहे कीं कॅमेरा कोटाच्या खिशांत मावतो.

आज हें भिंग सहसा दिसत नाहीं, म्हणून संग्राहकांस त्याचें मोल वाटतें. गतवर्षीं अशा एका गृहस्थांनीं तें मागितलें. ते जी रक्कम देऊं करीत होते ती शिक्षकाच्या घरांत लहान नव्हती. मुलीच्या महाविद्यालयाची वर्षाची फी तींत भागली असती. विकावयाचें नसेल तर निदान वापरूं नका, चामड्याच्या पेटींत बंद करून ठेवा, असा त्यांचा उपदेश होता. पण आपल्याकडील पावसाळ्यांत बंद चामडें ओल धरतें, आणि अंधार व ओल मिळाली म्हणजे कांचेवर बुरशीचे धागे पसरतात. जपून ठेवलेलें भिंग अशा रीतीनें आंधळें होतें.

मन द्विधा असतांना मीं मामांचा निगेटिव्हचा डबा उघडला. त्यांत माझ्या आजीचें एक चित्र होतें. 1968 सालचें तें. ती खिडकीशीं बसून तांदूळ निवडीत आहे. पेन एफ आडवा धरला तरी चित्र उभें येतें. बसलेल्या माणसास ती चौकट अगदीं शोभते. आजीचें दुसरें छायाचित्र आमच्या घरीं नाहीं. तें दहापट वाढवून घेतलें व आईच्या हातीं दिलें.

आई बराच वेळ मुद्रेकडे पाहत होती. मग तिचें बोट पदरावर थांबलें. तेथें एक लहानसें रफू होतें, त्याचा टांका नि टांका मोजतां येत होता.

“हें मीं केलेलें,” ती म्हणाली. “मी अकरा वर्षांची होतें. टांके वांकडे आले म्हणून रडलें. तुझी आजी म्हणाली, असूं दे, मी हेंच लुगडें नेसून चर्चला जाईन.”

हें रफू मूळ निगेटिव्हवर मोहरीच्या दाण्याहूनहि लहान आहे. पांच कांचांनीं तें सत्तावन्न वर्षें इमानानें सांभाळलें होतें. मीं त्या गृहस्थांस नकार कळविला. मुलीची फी हप्त्यांनीं भरीत आहें. तिची त्याबद्दल तक्रार नाहीं, कारण पणजीचें तें चित्र आतां तिच्याच मेजावर आहे.

माझ्या वर्गांत 36 विद्यार्थी आहेत, आणि एका फिल्मवर चित्रें 72. तेव्हां प्रत्येकाच्या वांट्यास दोन चौकटी येतात. पहिली घरांतील सर्वांत वडील माणसाची घ्यावयाची. दुसरी ज्याची त्यानें ठरवावी. येथें पुसून पुन्हां घेण्याची सोय नाहीं, म्हणून बोट दाबण्यापूर्वीं नीट पाहावें. पावसाळ्यापूर्वीं कॅमेरा पाळीपाळीनें सर्वांच्या घरीं जाईल.

पालकांस विनंति एवढीच, कीं त्या दिवशीं आजीस नवी साडी नेसवूं नये. तिला तिच्या रोजच्या कामासह खिडकीजवळ बसूं द्यावें. आमच्या भिंगास तेवढा उजेड पुरतो.