निमित्तावाचूनचा प्रवास

यवतमाळ जिल्ह्यात ज्या घरी आई किंवा वडील एकट्यानेच मुले वाढवतात, त्या घराचा प्रवास बहुधा कागदांची पिशवी काखेत धरूनच होतो. तहसील कचेरी, बँक, तलाठ्याचे कार्यालय, सरकारी दवाखाना, कधी न्यायालय आणि फार झाले तर नवस फेडण्यासाठी एखादे देवस्थान, यांपलीकडे कुठे निघावे तर त्याचे कारण सांगावे लागते, आणि कारण विचारणारे गावात पावलोपावली भेटतात. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या सानुग्रह साहाय्यासाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ याचा निर्णय लागेपर्यंत त्या घरातील मुलाला एसटी स्थानकाचे फलाट पाठ झालेले असतात. मात्र ज्या गाड्यांत तो बसला, त्यांतील एकही गाडी त्याच्यासाठी धरलेली नसते. म्हणून एकट्या पालकाने मुलांना घेऊन कुठे जावे आणि कसे जावे याचा विचार या जिल्ह्यात स्थळांच्या यादीपासून सुरू करता येत नाही. ज्यात कोणतेही काम उरकायचे नाही, कोणाची सही घ्यायची नाही, असा एखादा तरी प्रवास मुलाच्या वाट्याला यावा, हा त्या विचाराचा आरंभ होय.

शासकीय परिभाषेत अशा मुलांना ‘एकपालक’ मुले म्हणतात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ मुलांबरोबर त्यांचाही समावेश असून तिचे मासिक अनुदान २०२३ पासून २,२५० रुपये आहे. आईच्या बाजूने पाहिले तर ‘एकल महिला’ हा शब्द अलीकडे रूढ झाला असून त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित अशा सगळ्या स्त्रिया येतात. झरी-जामणीसारख्या तालुक्यांत बाहेरून आलेल्या पुरुषांनी फसवून सोडलेल्या कोलाम आणि गोंड मुलींना सरकारी कागद ‘कुमारी माता’ म्हणतात, त्याही याच वर्गातल्या. या सर्वजणींचे दुःख एकसारखे नाही आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या समाजाची नजरही सारखी नाही. परंतु घराबाहेर पडताना कारण दाखवावे लागणे हे मात्र सर्वांना समान आहे.

हे बंधन तुटलेलेही यवतमाळने पाहिले आहे. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळात ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन कळंब तालुक्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर मुलांना एकटीने वाढवणारी ही स्त्री त्याआधी ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर उभी राहिली होती. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचे नाव मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाच्या विधीवरून आले असून त्यातील भूमिका शेतकऱ्यांच्या विधवांनी आणि लेकींनी स्वतःच केल्या. नाटकाच्या निमित्ताने या स्त्रियांनी आपला तालुका ओलांडला, परगावचे रंगमंच पाहिले. त्या प्रवासालाही निमित्त होते, हे खरे. पण ते त्यांनी स्वतः निवडलेले होते आणि त्यासाठी कोणत्याही खिडकीपुढे त्यांना अर्ज धरावा लागला नव्हता. ज्या स्त्रीला एकदा असे निघता आले, तिला दुसऱ्या वेळी निमित्ताशिवायही निघता येईल, अशी आशा धरायला येथे जागा आहे.

निघावे केव्हा, हा प्रश्न शहरी कुटुंबाला शाळेच्या सुट्ट्या सोडवून देतात, परंतु कापसाच्या मुलखात सुट्टी आणि सवड यांची गाठ पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीत वेचणी, म्हणजे बोंडांतून कापूस काढण्याचे काम, भर धरू लागलेली असते आणि रोजाने वेचणाऱ्या आईचा प्रत्येक बुडालेला दिवस मजुरीतून वजा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पारा ४५ अंशांकडे जातो, जंगलालगतच्या गावांत मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम असतो आणि उरलेले दिवस लग्नसराई घेऊन जाते. मामाच्या गावाला जाणे ही महाराष्ट्रातील मुलांची जुनी सुट्टी, पण जिथे भावाच्या संसारात विधवा बहिणीची जागा आक्रसलेली असते, तिथे तीही सहज मिळत नाही. तेव्हा अशा घरासाठी खरा काळ म्हणजे संक्रांतीनंतरचा. वेचणीचा जोर ओसरलेला असतो, ऊन अजून कोवळे असते आणि शनिवार-रविवार जोडून दोन दिवस निघतात. मुलाची शाळा एखादा दिवस बुडाली तरी चालेल, असे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे; कागदपत्रांसाठी त्याची शाळा याआधी अनेकदा बुडालेली असते आणि तेव्हा कोणी हरकत घेतलेली नसते.

खर्चाचा हिशेब एसटीने बराच सोपा केला आहे. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली राज्य परिवहन महामंडळाच्या सर्व गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे पडते आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. त्यामुळे एक आई आणि दहा वर्षांचा मुलगा यांचा प्रवास एका पूर्ण तिकिटात होतो, आणि धाकटे मूल पाचाच्या आतले असेल तर त्याचे काहीच लागत नाही. ७५ वर्षांवरील आजी सोबत आली, तर अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेमुळे तिचा प्रवासही विनामूल्य होतो. आजीला बरोबर घेणे केवळ स्वस्त म्हणून सुचवलेले नाही. एकट्या पालकाच्या प्रवासातली खरी अडचण भाड्याची नसून हातांची असते: एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात धाकटे मूल, आणि थोरले गर्दीत मागे राहिलेले. दुसरे मोठे माणूस नसताना स्वच्छतागृहात जाणेदेखील एक पेच होऊन बसते. म्हणून सामान पाठीवर मावेल एवढेच घ्यावे, चढतानाच वाहकाला आपण कुठे उतरणार ते सांगून ठेवावे, आणि थोरल्या मुलाला गावाचे, तालुक्याचे नाव व घरच्या माणसाचा फोन क्रमांक तोंडपाठ करवून घ्यावा, कारण वाटेत पालकालाच भोवळ आली तर बोलणारे दुसरे कोणी नसते. हरवलेल्या किंवा अडचणीतील मुलासाठी १०९८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांकही मुलाला त्याच पाठांतरात द्यावेत.

पहिला प्रवास जवळचा असावा, आणि त्यासाठी कळंबसारखे गाव दुसरे नाही. यवतमाळपासून २०-२५ किलोमीटरवरचे चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली जायचे, समोर पाण्याचे कुंड आणि त्यापलीकडे गणपती, ही रचनाच लहान मुलाला गोष्टीत शिरल्यासारखी वाटते. काही वर्षांनी कुंडातले पाणी आपोआप चढून मूर्तीच्या चरणांना लागते, अशी श्रद्धा आहे. याच कळंबहून आता रेल्वे निघते. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंदमापी मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. देवळी आणि भिडी ही त्यावरची स्थानके. इंग्रजांच्या काळात कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली आणि पुढे बंद पडली, त्यामुळे आजच्या मुलांच्या आयांनी लहानपणी पाहिलेली झुकझुकगाडी त्यांच्या मुलांनी पाहिलेलीच नाही. वेळापत्रक आधी विचारून घेऊन सकाळी दर्शन आणि मग केवळ गाडीत बसण्यासाठी गाडीत बसणे, एवढा कार्यक्रम एका दिवसाला पुरेसा आहे. मूल खिडकीशी बसेल, सरकीचे ढीग आणि तुरीची वावरे मागे पळताना पाहील. याहून अधिक काही दाखवण्याची घाई पालकाने करू नये.

गाडीत शेजारी बसणारे माणूस मायेने बोलू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला प्रश्न येतोच: बाबा नाही आले? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. तरीही आईच्या चेहऱ्यावरचा रंग बदलतो, तो मूल पाहते आणि त्यानंतरच्या सगळ्या प्रवासभर ते गप्प होते. या प्रश्नाची तयारी शिदोरीइतकीच आवश्यक आहे. मुलाला खोटे शिकवू नये, कारण बाबा मुंबईला आहेत असे एकदा सांगितले की मुंबईतले घर, नोकरी, पत्ता असे सगळे रचत जावे लागते. आणि सगळी हकिकत सांगण्याचे ओझेही त्याच्यावर टाकू नये. आम्ही दोघेच आलो आहोत, हे एक वाक्य खरे आहे, पुरेसे आहे आणि त्यात कुठे दया मागितलेली नाही. हे वाक्य निघण्यापूर्वी घरी शांतपणे ठरवून घेतलेले असले, तर ते मुलाच्या तोंडून सहज येते. त्यापुढे कोणी खोदून विचारलेच, तर उत्तर पालकाने द्यावे किंवा देऊ नये. मुलाने खिडकीबाहेर पाहत राहावे.

दोन कमावत्या पालकांचा हिशेब धरून जगाने दर ठरवलेले आहेत, हे टिपेश्वरला गेल्यावर विशेष जाणवते. पांढरकवड्याजवळचे हे १४८.६३ चौरस किलोमीटरचे अभयारण्य वाघांसाठी ख्यात आहे, परंतु आत जाण्याची उघडी जीप पूर्ण घ्यावी लागते, मग तीत दोघे बसोत की सहा. एका मजुरीवर चालणाऱ्या घराला ते परवडणारे नाही. येथे बचत गटाचा उपयोग करावा. दर महिन्याला ठरावीक रक्कम एकत्र करणाऱ्या या गटांत एकल महिला अनेकदा असतातच. त्यांतील दोघी-तिघींनी मुलांसह मिळून एक जीप घेतली, तर खर्च वाटला जातो आणि एकीने मुलांकडे पाहिले तर दुसरीला घटकाभर नुसते बसता येते. हे नुसते बसणे सहलीतले सर्वांत मोलाचे आहे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, तेव्हा थंडीतली सकाळ धरावी आणि मुलांना ऊबदार कपडे घालावेत. वाघ दिसेलच असे मुलाला वचन देऊ नये, पण वाघाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वाघीण पिले एकटीने वाढवते, नर त्यांच्या पोषणात भाग घेत नाही, आणि सुमारे दोन वर्षांनी ती पिले आपला मुलूख शोधायला निघतात. टिपेश्वरच्या एका वाघिणीचा असाच एक बछडा २०१९ मध्ये निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात संशोधकांनी माहिती पाठवणारा पट्टा बांधला होता, म्हणून ही वाट कळली. एकट्या आईच्या मुलाला ही गोष्ट कोणत्याही उपदेशाशिवाय सांगावी. तिचे काय करायचे ते त्याचे ते ठरवेल.

पैनगंगेकाठचा सहस्रकुंड धबधबा उमरखेड आणि किनवट या तालुक्यांच्या सीमेवर आहे, पावसाळ्यात तो थोर दिसतो, आणि तरीही एका पालकाने दोन लहान मुलांना घेऊन भर पावसात तेथे जाऊ नये, हेच खरे. शेवाळलेल्या खडकावर एक मूल घसरले तर दुसऱ्याचा हात सोडावा लागतो. धबधबा थंडीच्या आरंभी, पाणी उतरल्यावर, लांबून पाहावा. माहूर मात्र नांदेड जिल्ह्यात असूनही यवतमाळकरांचेच वाटते. रेणुकेचा गड, दत्तशिखर, अनसूयेचे मंदिर आणि मातृतीर्थ नावाचे कुंड यांमुळे तिथली सारी वाट आईच्या कथांनी भरलेली आहे. नवरात्राची गर्दी टाळून साध्या वारी गेले, तर पायऱ्या मुलाच्या चालीने चढता येतात.

वडील एकटे असतील तर अडचणींचे रूप पालटते. त्यांना कोणी दयेने पाहत नाही, पण सहा वर्षांच्या लेकीला स्त्रियांच्या स्वच्छतागृहात नेणार कोण, हा प्रश्न त्यांना प्रत्येक स्थानकावर पडतो. एसटी स्थानकांवरील हिरकणी कक्ष स्तनदा मातांसाठी आहे. तान्ह्या बाळाला बाटलीने दूध पाजणाऱ्या बापासाठी तशी जागा बहुधा नसते, आणि ती असायला हवी. तोवर अशा पित्याने प्रवासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला मावशी म्हणून हाक मारण्यास संकोचू नये, लेकीला दाराशी सोडून स्वतः समोरच उभे राहावे, आणि तिचे केस विंचरता येत नाहीत म्हणून प्रवास पुढे ढकलू नये.

मुक्कामाचा पहिला अनुभव सेवाग्राम आणि पवनार येथे घ्यावा. कळंबची गाडी वर्ध्यालाच उतरवते. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य असलेल्या सेवाग्राम आश्रमाजवळ साध्या दरात उतरण्याची सोय होते आणि तेथील कुटी, चरखा, मोकळे अंगण मुलांना हात लावून पाहता येईल इतके साधे आहे. धाम नदीकाठी पवनारला विनोबांनी १९५९ मध्ये स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्री साधकांचा समूह. स्त्रियांनीच चालवलेले, स्त्रियांनीच निर्णय घेतलेले घर कसे असते, ते मुलाला तेथे दिसते. मुक्कामासाठी आधार कार्डाची प्रत जवळ ठेवावी. आईवडील विभक्त असतील तर ताब्याच्या आदेशाची प्रतही असू द्यावी. पारपत्रासाठी डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरते, हे ज्या घरच्या लेकीला पुढे परदेशी शिकायला जायचे आहे, त्या घराने आजच जाणून असावे.

परतताना दिवसाची शेवटची गाडी धरू नये, तिच्या आधीची धरावी. शेवटची चुकली किंवा रद्द झाली, तर रात्री स्थानकावर सामानापाशी कोणी थांबायचे आणि चौकशीला कोणी जायचे, हे वाटून घ्यायला दुसरे माणूस नसते. आधीची चुकली, तर शेवटची तरी हाताशी राहते, आणि मधला तासभर मुलांना फुटाणे खात फलाटावरच्या पाट्या वाचता येतात.