फटफटीवाल्यांचें उपाहारगृह

लंडनला जाणारे आपले लोक ब्रिटिश म्यूझियम पाहतात, थेम्सवरचे पूल पाहतात, आणि पाय थकले नसतील तर क्यू येथील बागही पाहून येतात. परंतु शहराच्या वायव्येस, स्टोनब्रिज पार्क स्टेशनाजवळ, जुन्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या कांचांची एक पांढरी बैठी इमारत आहे, तिकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. तिचें नांव एस कॅफे. मला तेथें जाण्याचें कारण घरगुतीच होतें. तिकडे नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याचा चिरंजीव एक जुनी फटफटी मोडून तिची ‘कॅफे रेसर’ बनवीत होता, आणि त्यावरून घरांत सरळ दोन तट पडले होते. निवाडा माझ्याकडे आला. वस्तूचें कुळ पाहिल्यावांचून निवाडा कसा द्यावा?

हें उपाहारगृह १९३८ सालीं मालमोटारी हांकणाऱ्यांसाठीं निघालें. दुसऱ्या महायुद्धांत जवळच्या विल्सडेन रेल्वे यार्डावर बाँब पडले, त्यांत तेंही उध्वस्त झालें, व १९४९ मध्यें पुन्हा बांधलें गेलें. त्यानंतरच्या वीस वर्षांत त्याला खरी कीर्ति—किंवा अपकीर्ति म्हणा—लाभली. कामकरी तरुणांच्या हातीं चार पैसे खेळूं लागले होते, हप्त्यानें फटफटी घेतां येत होती, आणि रात्रीं उशिरांपर्यंत चहा व नाणें टाकलें कीं गाणें वाजविणारी पेटी येथें मिळत होती. ताशीं शंभर मैल, म्हणजे सुमारें १६० किलोमीटर, हा त्यांचा ध्यास. पेटींत तबकडी लावून निघावें आणि गाणें संपण्याच्या आंत ठरल्या वळणाला वळसा घालून परत यावें, अशी पैज मारीत असत म्हणतात. ती आख्यायिका असेल. त्या काळच्या रस्त्यांवर कित्येक मुलें प्राणास मुकलीं, ही मात्र आख्यायिका नव्हे. आमच्या सूनबाईंचा सारा विरोध ह्या एका वाक्यांत येतो, आणि तो खोडून काढण्यासारखा नाहीं.

मला गोडी वाटली ती ह्या गाड्यांच्या घडणींत. त्यांतील सर्वांत नांवाजलेली ‘ट्रायटन’. पूर्वपद ट्रायंफचें, उत्तरपद नॉर्टनचें. व्याकरणांत ह्यास समास म्हणतां येणार नाहीं, पण लोखंडांत हा पक्का द्वंद्व आहे. ट्रायंफचें ६५० सी.सी.चें दोन सिलिंडरांचें इंजिन जोरदार, परंतु तिची चौकट वेगांत डळमळे. नॉर्टनची ‘फेदरबेड’ चौकट, जी रेक्स मॅककँडलेस ह्यानें रचिली व १९५० पासून शर्यतींत गाजली, ती वळणावर जराही न हलणारी. त्याच सुमारास ५०० सी.सी.च्या चिमुकल्या शर्यती मोटारींना नॉर्टनचें मँक्स इंजिन हवें असे, आणि कारखाना तें सुटें विकत नसे. मोटारवाले सबंध फटफटी विकत घेत, इंजिन उचलीत, व राहिलेला सांगाडा विकून मोकळे होत. श्रीमंतांनीं टाकलेला हा सांगाडा कामकरी मुलांच्या हातीं पडला. ॲल्युमिनियमचे जाड पत्रे कापून त्यांनीं त्यांत दुसऱ्याचें इंजिन बसविलें, आणि दोन्ही कारखान्यांना जें विकावयास सुचलें नव्हतें तें तयार केलें.

बाकीची सारी विद्या वजाबाकीची. अवजड पत्रे काढावे, मागची बैठक कापून एकट्यापुरती ठेवावी, हँडल खालीं आणावें, पाय ठेवण्याचे खुंट मागें न्यावे म्हणजे स्वार वाऱ्याखालीं वांकतो. पैसे नसतील त्यानें मूळचेंच हँडल उलटें फिरवून बसवावें.

ह्या मुलांना सगळे गुंड म्हणत. १९६२ सालीं बिल शेरगोल्ड नांवाचे एक पाद्री स्वतः फटफटीवर बसून येथें आले व त्यांना प्रार्थनेस बोलावून गेले. मुलें आलीं, आणि त्यांतून ‘फिफ्टी-नाइन क्लब’ची फटफटी शाखा उभी राहिली. शिक्षक म्हणून मला हा गृहस्थ फार मोठा वाटतो. उपदेश करण्यापूर्वीं तो त्यांच्या वाहनावर बसला. १९६९ सालीं कॅफे बंद पडलें, तेथें टायरांचें दुकान आलें. १९९४ मध्यें जुन्या मंडळींचा मेळा भरला, व २००१ सालीं एका माजी पोलिसानेंच तें पुन्हा उघडलें. मीं गेलों त्या दिवशीं अंगणांत सत्तरीचे म्हातारे आपल्या गाड्या फडक्यानें पुसत होते, आणि आमचा चिरंजीव त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडीत होता.

मग निवाडा दिला. सहाशें पौंड जमले होते; त्यांतून आधीं नवे टायर, ब्रेक आणि चांगलें शिरस्त्राण घ्यावयाचें, उरेल त्यांत बाकीचें. “आबा, मग रंगाला कांहींच उरत नाहीं!” असें तो म्हणाला. न उरो. बैठकीचें रेक्झीन सूनबाईंनीं आपल्या शिवणयंत्रावर शिवून दिलें, पण अजून त्या गाडीकडे पाहत नाहींत.

हें सारें ऐकून पुण्यांतील धाकट्या नातवानेंही बेत आंखला आहे, म्हणून वाचकांच्या घरीं असा कोणी असल्यास सांगून ठेवतों. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीच्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं. ह्याच्या गाडींत त्याच्या इंजिनाचें लग्न लावण्याआधीं परिवहन कचेरींत विचारावें. बैठक व हँडल ह्यांविषयींही तेथेंच विचारून घ्यावें. मद्रासेस रॉयल एन्फील्डनें ह्याच घाटाची ‘कॉन्टिनेंटल जी.टी.’ तयार करून विकावयास काढली, ती पैसे देऊन घेतां येते; पण आमचा नातू म्हणतो, त्यांत काय मजा? त्याच्या खोलींत तूर्त एका जुन्या गाडीची टाकी, एक कानस आणि पॉलिश कागदाचा गठ्ठा आहे.