रडारडीच्या बाजूनं

'मास्टरशेफ इंडिया'तली रडारड मला कधी पचली नाही. कुणी कांदा चिरायला घ्यावा, मागे व्हायोलिन सुरू व्हावं, मग गाव, घर, वारलेले वडील, बुडालेला धंदा, आणि कॅमेरा सरळ चेहऱ्यावर. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की आठवणीचं, हेही धड कळू नये. आमच्या नेरूळच्या घरी हा कार्यक्रम सोनीलिव्हवर लावला की रिमोट माझ्या ताब्यात असे. गोष्ट सुरू झाली की बटण दाबून मी थेट गॅसजवळ पोचायची. सासूबाई कुरकुरायच्या, "अगं, तिचं पुढे काय झालं ते तरी कळू दे." मी म्हणायची, "आई, तिचं राहू दे, तिच्या भाजीचं काय झालं ते बघू."

हे मत मी चारचौघांतही ठणकावून मांडायची. बँकेत डबा खाताना, हार्बरच्या लेडीज डब्यात, सोसायटीच्या हळदीकुंकवाला. स्पर्धा स्वयंपाकाची आहे ना, मग स्वयंपाक दाखवा. दाखल्याला ऑस्ट्रेलिया तयारच असे. तिथलं मास्टरशेफ 2009 साली सुरू झालं आणि स्टार वर्ल्डवर आपल्याकडेही दिसू लागलं. तिथली माणसं बघा, निमूट पदार्थ करतात, चुकलं तर गळाभेट घेऊन घरी जातात, असं मी सांगायची. तीही रडतात, हे सोयीस्कर विसरायची. आपलं पहिलं पर्व 2010चं, स्टार प्लसवर, अक्षय कुमार आणि कुणाल कपूर, अजय चोप्रा हे दोन शेफ. लखनौच्या पंकज भदौरिया जिंकल्या. शाळेतली नोकरी सोडून त्या स्पर्धेत उतरल्या होत्या आणि हे पुन्हा पुन्हा सांगितलं जाई. नोकरी सोडल्याचे काय पदार्थाला मार्क मिळतात का, असं मी तेव्हा म्हणाल्याचं मला लख्ख आठवतं.

2025च्या एप्रिलमध्ये उर्मिला आशर गेल्याची बातमी वाचली. सातव्या पर्वातल्या त्या 'बा'. 'गुज्जूबेन ना नास्ता'वाल्या. स्पर्धेत होत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या घरात होत्या. तोवर मी निवृत्त झाले होते, दुपारी मोकळ्या होत्या. म्हटलं, ते पर्व परत बघू.

सातवं पर्व 2023च्या जानेवारीत सुरू झालं आणि मार्चअखेरीस संपलं. परीक्षक विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा. निकाल जगजाहीर. आसामच्या तिनसुकियाचा नयनज्योती सैकिया जिंकला, 25 लाख रुपये आणि सोनेरी कोट घेऊन गेला. शेवटच्या तिघांत आणखी एक आसामच्याच सांता सरमा आणि तिसऱ्या आपल्या मुंबईच्या सुवर्णा बागुल. कोण जाणार, कोण राहणार, हे ठाऊक असताना अशी स्पर्धा बघायला बसलं की पहिली गंमत कळते ती ही, की स्वयंपाकात बघण्यासारखं फार थोडं उरतं. घड्याळ उलटं धावतंय, पण आपल्याला घाई नाही. केक फसणार की नाही, माहीत आहे. चव टीव्हीतून येत नाही, वास येत नाही. उरतात ते परीक्षकांचे चेहरे. रणवीर घास घेतल्यावर किती वेळ गप्प राहतात, विकास कधी हात जोडतात, एवढ्यावर आपण ठरवायचं की आमटी बरी झाली होती. कृती म्हणावी तर मोबाइलवर हवी तेवढी मिळते, आणि तिथं मीठ किती ते तरी सांगतात. आठवडाभरातच माझ्या लक्षात आलं की मी गॅसजवळचा भाग पुढे ढकलतेय आणि गोष्टीला थांबतेय.

पहिल्या खेपेला ज्या गोष्टी मी ढकलल्या होत्या त्या ऐकू लागले. मला वाटायचं त्या दुःखाच्या आहेत. निम्म्याहून जास्त पैशांच्या निघाल्या.

बांचीच घ्या. तीन मुलं होती, तिन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. हे एवढंच सांगून व्हायोलिन थांबलं असतं तर मी पुन्हा बटण दाबलं असतं. पण पुढे हिशेब आहे. नातवाला अपघात झाला, चेहऱ्याला मार लागला, त्याचा धंदा बंद पडला. मग 2020च्या टाळेबंदीत आजी-नातवानं लोणच्यापासून सुरुवात केली आणि खाकरे, ठेपले, फराळाचे जिन्नस असं दुकान वाढवलं. म्हणजे ही बाई स्पर्धेत आली तेव्हा ती घरच्यांना करून घालणारी प्रेमळ आजी नव्हती. घर चालवणारी कमावती बाई होती. मी तिला सहानुभूतीसाठी आणून बसवलेली म्हातारी समजत होते. तिच्या हातचं जे खात होते ते गिऱ्हाईक होतं, आणि ते पैसे मोजत होतं.

नयनज्योतीनं सांगितलं की मुलानं स्वयंपाकात रमावं हे वडिलांना पसंत नव्हतं. का नसेल? तिनसुकियात असो की सदाशिव पेठेत, बाप हेच विचारणार: पोट कसं भरशील? त्याच वर्षाच्या अखेरीला आठवं पर्व झालं, ते मंगळुरूच्या मोहम्मद आशिकनं जिंकलं. आधीच्या पर्वात त्याच्या पदरी निराशा आलेली. हॉटेल मॅनेजमेंट शिकायचं होतं, पैशांअभावी राहिलं, मग ज्यूसचं दुकान काढलं. हे सगळं त्या व्हायोलिनच्या आवाजाखाली दडलेलं असतं. आवाज कमी करून ऐकलं तर स्वच्छ ऐकू येतं की स्वयंपाक येणं ही एक गोष्ट आणि त्याचे पैसे मिळणं ही दुसरी, आणि या दोहोंच्या मधलं अंतर कापायला माणसं टीव्हीपर्यंत धावत येतात. गॅसजवळच्या दृश्यात हे कुठंच नसतं. तिथं सगळ्यांना सारखी कढई, सारखा वेळ, सारखी पँट्री. घरी काय होतं ते फक्त रडण्याच्या वेळीच कळतं.

आमच्या सेक्टरात एक पोळी-भाजी केंद्र आहे. बैठ्या इमारतीतला गाळा, अर्धं शटर वर. मी कित्येक वर्षं तिथून पोळ्या घेते, म्हणजे स्वयंपाकावर एवढं बोलणारी मी नोकरी असताना पोळ्या विकतच्या आणत होते, हेही सांगून टाकते. तिघी जणी असतात. एक उंडे करते, एक लाटते, एक भाजते. मोठा लोखंडी तवा, त्यावर एका वेळी चार पोळ्या. लाटणाऱ्या ताई तेलाचं बोट लावून घडी घालतात, पीठ भुरभुरतात आणि पोळपाट न हलवता पोळी फिरवतात. काठ पातळ, मधे तसूभर जाड, म्हणजे फुगते. भाजणारीचं लक्ष तव्यावर नसतंच, ती गिऱ्हाइकाशी सुट्ट्या पैशांवरून बोलत असते आणि हात आपोआप पोळी उलटतो. सकाळी साडेसातच्या आत ऐरोली आणि महापेला जाणारी पोरं डबे उचलून निघालेली असतात. लाटणाऱ्या ताईंच्या उजव्या मनगटाला बारा महिने क्रेप बँडेज. उशिरा पोचलं की पोळ्या संपलेल्या असतात, विनवण्या चालत नाहीत.

एकदा दुपारी शांत होतं तेव्हा मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही ते मास्टरशेफ बघता का हो?" म्हणाल्या, "लावते मोबाइलवर कणीक मळताना. बघायला कुठं होतं, ऐकते." कोण आवडलं, विचारलं. "ती आजी. बाकीचे पॅशन पॅशन करतात. ती धंद्याचं बोलली." मग मी जरा संकोचतच विचारलं की तुम्ही यात कशा आलात, तुमची काय कथा. त्या हसल्या. "कथा कसली मॅडम, भाडं थकलं होतं म्हणून पोळ्या लाटायला लागले." आणि त्यांनी कणकेवरचं ओलं फडकं सारखं केलं.

इतकी वर्षं पोळ्या घेऊन मी त्यांना हे विचारलं नव्हतं. टीव्हीवाले निदान विचारतात. निर्लज्जपणे विचारतात, कॅमेरा लावून विचारतात, पण विचारतात.

स्वयंपाकाच्या पैशांचा हा विषय आपल्याकडे नवा मुळीच नाही. मुंबईच्या गिरणगावात घरोघरी खानावळी चालत. गिरणीतला एकटा कामगार महिन्याच्या बोलीवर कुणा बाईकडे जेवायचा, पगार झाला की पैसे द्यायचा. तोवर बाईनं किराणा उधारीवर आणायचा किंवा सावकाराकडून भरमसाट व्याजानं पैसे उचलायचे. संप झाला की कामगाराचा पगार थांबे, त्याचं जेवण थांबत नसे. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली चौदा खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. त्याचं केंद्र इथं वाशीतही आहे. त्यावरून मी रिक्षानं कितीदा गेले असेन. त्या बायकांना स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती. त्या तो उत्तमच करत होत्या. त्यांना कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं की हे काम आहे, हिला कर्ज द्या, ही फेडेल. त्यासाठी प्रत्येकीनं आपली परिस्थिती कुणाला तरी सांगितलीच असणार. त्या सांगण्याला आपण रडारड म्हणत नाही.

आणि ज्या ऑस्ट्रेलियाचा दाखला मी जन्मभर दिला, तिथं 2021च्या अंतिम फेरीत बांगलादेशी वंशाच्या किश्वर चौधरी यांनी काय केलं? पांता भात. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी खायचं. सोबत बटाट्याचा भर्ता आणि सार्डिन मासा. परीक्षक भारावून गेले, किश्वर तिसऱ्या आल्या. कोकणात आणि आमच्या नवी मुंबईतल्या आगरी घरांतही शिळा भात असाच संपवला जायचा. शेतावर, खाडीवर जाण्याआधी तोच खायचा. त्या ताटामागची गोष्ट काढून घ्या, उरतो पाणी घातलेला शिळा भात. गोष्ट होती म्हणून तो अंतिम फेरीत पोचला. हे मी तेव्हाही पाहिलं होतं, वाहवाही केली होती, आणि तरी आपल्याकडच्या गोष्टी पुढे ढकलत राहिले. इंग्रजीतलं रडणं मला कलात्मक वाटत होतं, दुसरं काय.

माझी सगळीच मतं पालटली, असं मात्र नाही. ते व्हायोलिन आजही असह्य आहे. एकच वाक्य तीन कोनांतून दाखवण्याचं काही कारण नाही. आणि मासा करायच्या फेरीत शाकाहारी अरुणा विजय यांना पनीर करू दिलं, त्यावर 2023 साली जो गदारोळ झाला त्यात मीही होते आणि अजून आहे. एवढंच, की तेव्हा माझा राग त्यांच्यावर होता. परत बघताना वाटलं, त्या आपलं व्रत पाळत होत्या. नियम वाकवायचा की नाही हे ठरवणारे कॅमेऱ्याच्या मागे होते. मासे खाणाऱ्या गावात राहून मला एवढं म्हणायचा हक्क आहे. सुवर्णाताई जिंकायला हव्या होत्या, हेही मी अजून म्हणते, आणि त्याला मराठीपणापलीकडे माझ्याकडे पुरावा नाही.

25 लाखांत नेरूळमध्ये वन रूम किचनही धड येत नाही. पोळी-भाजी केंद्रवाल्या ताईंना मी बक्षिसाचा आकडा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "गाळा मात्र भाड्यानं बरीच वर्षं चालेल." त्यांनी लगेच हिशेब केला होता. स्पर्धकांच्या रडण्यात तोच हिशेब असतो, आणि मी तो पंधरा वर्षं पुढे ढकलला.

तुम्ही एखादं जुनं पर्व काढून बघणार असाल तर जरूर बघा. घरात ज्यांच्या हातचं रोज जेवता त्यांना शेजारी बसवून बघा. आणि कुणी आपली गोष्ट सांगायला लागलं की तेवढ्यात त्यांना चहा टाकायला उठवू नका.