बिडाचा आवाज

आमच्या देवगाव रंगारीत माणूस दिसण्याच्या आधी त्याची गाडी ऐकू येते. दूधवाल्याची मोटारसायकल खोकते, सोसायटीच्या सचिवांची स्कूटर कुरकुरते, आणि ज्याच्या ट्रॅक्टरच्या उभ्या नळकांड्यावरचे झाकण टपटप वाजते, तो शेतकरी वेशीपाशी पोचला की त्याच्या घरी चहाचे आधण चढते. आवाज ही गावातली सहीच. पण अलीकडे एक चमत्कार झाला आहे. पोरांनी कंपनीची पुंगळी काढून बाजारातली फाडफाड वाजणारी पुंगळी बसवायला सुरुवात केल्यापासून आवाज वाढले आणि सह्या मात्र पुसल्या गेल्या. सगळेच ओरडतात, म्हणून कोण ओरडतो ते कळत नाही.

या विषयावर मी तावातावाने बोलू लागलो की माझा पुतण्या हसतो. म्हणतो, "काका, पुंगळी शेवटी असते. खरा खेळ सुरुवातीला असतो." हा खेळ कोणता, ते मला गेल्या उन्हाळ्यात शिकावे लागले, कारण दादांच्या जीपचा मॅनिफोल्ड तडकला.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. ते जाऊन आता तीन वर्षे होतील. मागे राहिले ते वहिनी, पुतण्या, अकरा एकर कोरडवाहू आणि पेट्रोलवर चालणारी एक जुनी महिंद्रा जीप. अमेरिकेच्या विलिस कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी केलेल्या जीपचे हे घराणे. महिंद्रांनी ते स्वातंत्र्यानंतर मुंबईत आणले आणि पुढे ते खेड्यापाड्यांत इतके मुरले की तिचे मूळ परके आहे हे कोणाच्या ध्यानीही राहिले नाही. बियाण्याच्या गोण्या, बाळंतीण, लग्नाचे वऱ्हाड, परीक्षेला निघालेली माझी मुले, सगळे तिने वाहिले आहे.

आता मॅनिफोल्ड म्हणजे काय, हे वाचकांपैकी निम्म्यांना माहीत असेल आणि निम्म्यांना त्याची गरज वाटणार नाही. तरी शाळामास्तराची खोड म्हणून सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनात चार चुली पेटतात आणि चारही चुलींचा धूर एका धुराड्यातून बाहेर जातो. चार वाटांची एक वाट करणारा जो ओतीव तुकडा इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला असतो, तो मॅनिफोल्ड. इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला पन्नास उसासे त्या तुकड्यातून जातात. घाटात ओझे घेऊन चढताना त्या उसाशांची उष्णता सहाशे-सातशे अंशांवर जाते. कंपनी हा तुकडा बिडाचा करते. बीड स्वस्त, साच्यात ओतायला सोपे, उष्णतेला दाद न देणारे. दोष एकच. ते लवत नाही. तापले की वाढते, निवले की आकसते, आणि आवळलेल्या बोल्टांनी त्याला सरकायला जागा ठेवली नाही किंवा तापलेल्या अंगावर ओढ्याचे गार पाणी उडाले, तर एक दिवस तडकते. आमचा तडकला, आणि औट्रम घाट उतरून चाळीसगावला जाणारी जीप कन्नडच्या अलीकडेच फट् फट् करू लागली.

मिस्त्रींनी बोनेट उघडून पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, बिडाला वेल्डिंग करून देतो, पण त्या वेल्डिंगचा भरवसा देत नाही. सगळा तुकडा भट्टीत तापवून, निकेलची कांडी वापरून, सावकाश निववला तर टिकतो. नाहीतर शेजारीच दुसरी चीर जाते. त्यापरीस दोन वाटा आहेत. भंगारबाजारातून जुनाच पण धड मॅनिफोल्ड शोधून आणा. नाहीतर हेडर करून घ्या."

हेडर म्हटल्याबरोबर पुतण्याचे डोळे चमकले. पैसे जवळजवळ तिप्पट लागणार होते आणि त्याने ते कापसाच्या पैशातून बाजूला ठेवले होते, हेही तेव्हाच कळले.

हेडर म्हणजे बिडाच्या एका तुकड्याऐवजी पोलादाच्या चार स्वतंत्र नळ्या. चारही सारख्या लांबीच्या, वळणे घेत येणाऱ्या आणि पुढे एका ठिकाणी मिळणाऱ्या. यात केवळ नखरा नाही, हे मी कबूल केले पाहिजे. बिडाच्या आखूड खोक्यात एका सिलिंडरचा उसासा दुसऱ्याच्या तोंडावर आदळतो. स्वतंत्र नळीत तो सरळ पळतो, आणि नळी जेथे रुंदावते तेथून विरळपणाची एक लाट उलट फिरून इंजिनाकडे येते. झडप मिटायच्या आत ती पोचली, तर सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढून नेते आणि ताज्या हवेला जागा होते. अमेरिकेतल्या हौशी पोरांनी महायुद्धानंतर घरच्या गॅरेजांत हा उद्योग केला. शर्यतीच्या गाड्यांत तर त्याची कला झाली. १९६६ ते १९६९ अशी ओळीने चार वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या फोर्ड जीटी-४० च्या कित्येक गाड्यांना मागच्या बाजूने अशा नळ्यांचा गुंता असे. त्याला लोक सापांची मोळी म्हणत.

पुतण्याने मला हे सगळे रात्री ओट्यावर बसून समजावले. मी त्याला दहावीपर्यंत शिकवले. एवढ्या ओढीने त्याने माझ्यापाशी कधी एखादा धडा म्हटल्याचे आठवत नाही. मी म्हणालो, "पण धूर इतका मोकळा सोडला तर इंजिनाची ताकद जाते म्हणतात. थोडा अडसर लागतो."

"ते खोटं आहे काका. अडसर कोणत्याच इंजिनाला नको असतो. नळी फार रुंद केली तर धुराचा वेग मरतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ जाते. लोक त्याला अडसराचा गुण समजतात."

"म्हणजे नळी किती लांब, किती रुंद, हे फेऱ्यांवर ठरते?"

"हो. उलटी लाट वेळेवर यायला पाहिजे. एका वेगाला ती मदत करते, दुसऱ्याला आडवी येते."

"मग आपली जीप कोणत्या वेगाला चालते?"

तो गप्प राहिला. दादांची जीप आयुष्यभर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, गोण्यांखाली दबून, सावकाश चालली होती. ज्या फेऱ्यांवर हेडर गाऊ लागतो, तेथवर ती क्वचितच गेली असेल.

बिडाच्या बाजूने आणखी पुष्कळ बोलता येण्याजोगे होते आणि ते मी बोललो. जाड बीड आवाज पोटात घेते. पातळ नळी घंटेसारखी वाजते. नळ्यांची धग बोनेटखाली पसरते, वायरी आणि पेट्रोलची नळी भाजते; धग रोखायला पट्टी गुंडाळावी, तर ती ओल धरते आणि आतून गंज चढतो. सांध्याला चीर गेली किंवा गॅस्केट सुटले, तर कार्बन मोनॉक्साइड पुढच्या पत्र्याच्या भोकांतून आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. पावसाळ्यात हूड आणि पडदे लावून मागे मुले बसवायची, तर याचा विचार करावा लागतो. अर्थात तडकलेले बीडही हाच वायू सोडते. म्हणून निवड लवकर करायची होती.

नव्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि आमच्या भागातली पोरे यंत्राशी बोलायला शिकली. आज तशा कारखान्यांतून निघणाऱ्या गाडीच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारे पात्र आणि प्राणवायू मोजणारे उपकरण असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ चे नियम आल्यावर तर ते अधिकच काटेकोर झाले. तेथे कंपनीची नळी उपटणे म्हणजे गाडीचे नाकच कापणे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि आवाज-धुराचे नियम मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे. जप्त केलेल्या पुंगळ्यांवरून पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची चित्रे आपण पाहिलीच आहेत.

इतके मुद्दे मांडून झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, खरं सांगा. तुम्हाला दादांचा आवाज पाहिजे, होय ना?"

मी उत्तर दिले नाही. कादंबरी लिहिताना पात्राच्या मनातले शेवटचे कारण मी हातोहात काढून देतो; स्वतःचे कोणी काढून दाखवले की शब्द सुचत नाही. इतक्यात वहिनी आतून आल्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आवाजाचं मला सांगू नका. फुटल्यापासून ती वेशीत आली तरी मला ओळखू येत नाही. पण मी वाट पाहते ती आता याची. हा येतोय एवढं कळलं म्हणजे झालं. कसा वाजत येतो ते त्याचं त्यानं ठरवावं."

बाईच्या तोंडून निकाल आला आणि आम्ही दोघे वकील उघडे पडलो. तीन वर्षे त्या जीपकडे मी दादांची म्हणून पाहत होतो, आणि ती चालवणारा पंचविशीतला मुलगा त्यांच्या जागी बसलेला कोणी तात्पुरता माणूस आहे असे मनाशी धरले होते. त्याला हेडर हवा होता तो घाट वेगाने चढायला नव्हे. वेशीत शिरताना लोकांनी "दादांची जीप आली" असे म्हणू नये, त्याचे नाव घ्यावे, एवढेच त्याला हवे होते. पंचविशीत हे मागणे अवास्तव नाही. मी त्याच वयात पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा माझे कारण तरी दुसरे काय होते?

मी म्हणालो, "तू म्हणशील ते कर."

दोन दिवसांनी तो छत्रपती संभाजीनगरला गेला आणि भंगारातून बिडाचाच मॅनिफोल्ड घेऊन आला. सपाट काचेवर ठेवून तो वाकडा नाही ना हे पाहिले, हातोडीने हलकेच ठोकून स्वच्छ नाद येतो का तेही ऐकले; तडकलेले बीड बद्द वाजते. नवे गॅस्केट घातले, बोल्ट मधल्यापासून टोकांकडे, थोडेथोडे करून आवळले. मी कारण विचारले नाही. तोच म्हणाला, "हिशेब केला. या गाडीला हेच बरोबर आहे. उरलेल्या पैशात विहिरीवरची मोटर भरून घेतली."

मग पान्हा पुसता पुसता म्हणाला, "पुढची गाडी माझी मी घेईन. तिचा आवाज मात्र मी ठरवणार."

"कायद्यात बसेल असा," मी म्हणालो.

"बसेल," तो म्हणाला. "पण तुमच्या ओळखीचा नसेल."

मला ते मान्य आहे. नव्या आवाजाची ओळख व्हायला कानाला दोनचार महिने लागतात, एवढेच.